कलावंतांचे वसतिगृह कुठे आहे?

एप्रिल महिन्यात आपल्या गायकाला, शाहिराला, पथनाट्य करणाऱ्या पोरापोरींना एका रात्रीत दोन-दोन वस्त्या गाठाव्या लागतात. अशोक विजयादशमीला आणि ६ डिसेंबरला पुन्हा थोडी मागणी असते. उरलेल्या वर्षात तोच कलावंत रिक्षा चालवतो, मजूर अड्ड्यावर उभा राहतो, पार्सलची पाठपिशवी घेऊन जिने चढतो. चळवळ त्याच्याकडून दरवर्षी नव्या गाण्याची अपेक्षा करते. पण ते गाणे त्याने कधी रचायचे, कुठे बसून रचायचे आणि रचत असताना घरची चूल कशावर पेटायची, हे आपण त्याला विचारत नाही. हा प्रश्न आम्हाला मांडायचा आहे, कारण त्याच्या उत्तरावर आंबेडकरी जलशाचे भवितव्य अवलंबून आहे.

कलेच्या जगात या प्रश्नाला एक उत्तर मिळालेले आहे. त्याला 'आर्टिस्ट रेसिडेन्सी' म्हणतात. एखादी संस्था कलावंताला काही आठवडे, काही महिने, कधी वर्षभर आपल्याकडे राहायला बोलावते. राहण्याची खोली, सरावाची जागा, जेवण, महिन्याचे मानधन आणि गरज पडली तर सल्ला द्यायला एखादा अनुभवी माणूस एवढे मिळते. बदल्यात कलावंताने काम करायचे. शेवटी जे झाले असेल ते, अर्धेमुर्धे का असेना, लोकांसमोर ठेवायचे. भारतातही हे नवे नाही. दिल्लीचे 'खोज' १९९७ पासून कलावंतांना एकत्र आणते आहे. पुदुच्चेरीजवळची 'आदिशक्ती' रंगकर्मींना राहून काम करण्याची जागा देते. अलीकडे या संस्थांच्या जाहिरातींत 'उदयोन्मुख' आणि 'अल्प-प्रतिनिधित्व असलेले' कलावंत असे शब्दही दिसू लागले आहेत.

हे शब्द वाचून आपल्यातले काही तरुण हरखतात, काही संशयाने बघतात. आमचे म्हणणे असे की हरखण्याआधी आणि संशय घेण्याआधी ही गोष्ट नेमकी काय आहे हे आपल्या भाषेत समजून घ्यावे. आपल्या भाषेत तिला जुना आणि ओळखीचा शब्द आहे. तो म्हणजे वसतिगृह.

वसतिगृहाने काय केले

राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहे काढली, कारण शाळा फुकट केली तरी खेड्यातले पोर शहरात राहणार कुठे आणि खाणार काय, हा प्रश्न त्यांना दिसत होता. बाबासाहेबांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि तिचे पहिल्या कामांपैकी एक काम होते सोलापूरचे विद्यार्थी वसतिगृह, १९२५ मध्ये. शिक्षणाचा हक्क कागदावर मिळून भागत नाही, त्या हक्काला छप्पर आणि ताट लागते, हे या दोघांनी ओळखले होते.

बाबासाहेबांचे स्वतःचे आयुष्य याची साक्ष आहे. १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड. त्या पैशाने बुद्धी विकत मिळाली नाही, बुद्धी त्यांच्याकडे होतीच. त्या पैशाने वेळ मिळाला. ग्रंथालय उघडल्यापासून बंद होईपर्यंत बसण्याचा वेळ. आणि १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली तेव्हा लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. पुढे बडोद्यात काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. स्वतःची बचत, नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज आणि शाहू महाराजांची मदत यांच्या बळावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला जाऊ शकले. जगातल्या एवढ्या मोठ्या विद्वानाचे काम पैशाअभावी तीन वर्षे अडले. मग वस्तीतल्या शाहिराचे किती वर्षे अडत असेल?

वसतिगृहाने फक्त पदवीधर घडवले नाहीत, नाटक आणि साहित्यही घडवले. १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय सुरू झाले, नागसेनवनात मराठवाड्यातली पोरे राहू लागली. तिथेच प्रा. म. भि. चिटणीस यांचे 'युगयात्रा' हे नाटक विद्यार्थ्यांनी बाबासाहेबांसमोर केले. पुढे त्याच परिसरातून डॉ. गंगाधर पानतावणे यांचे 'अस्मितादर्श' निघाले आणि दलित साहित्याची एक पिढी उभी राहिली. नागसेनवनाला कोणी रेसिडेन्सी म्हटले नाही. पण राहायला जागा, आजूबाजूला आपल्यासारखीच माणसे, वाचायला पुस्तके आणि पाठीवर हात ठेवणारे शिक्षक, हे सगळे तिथे होते. रेसिडेन्सीत याहून वेगळे काय असते?

शिक्षणासाठी आपण वसतिगृहे मागितली, भांडून घेतली, स्वतः बांधली. कलेसाठी मात्र आपण फक्त स्टेज बांधले. स्टेज एका रात्रीचे असते. दुसऱ्या दिवशी मंडपवाला ते सोडून घेऊन जातो.

'अण्णाभाऊंना कुणी मानधन दिले होते?'

या मागणीवर आपल्याच बैठकांत येणारा पहिला आक्षेप हाच असतो. खरा कलावंत उपाशीपोटीही घडतो, अण्णाभाऊंनी चिरागनगरच्या झोपडीत 'फकिरा' लिहिली, वामनदादांकडे काय होते, वगैरे.

हा युक्तिवाद ऐकायला क्रांतिकारक वाटतो, पण तो उपासमारीची आरती आहे. अण्णाभाऊंनी झोपडीत लिहिले हे खरे. १८ जुलै १९६९ ला, पन्नाशी गाठण्याआधीच, ते गरिबीतच गेले हेही तेवढेच खरे. झोपडीमुळे ते मोठे झाले नाहीत, झोपडी असूनही झाले. आणि झोपडीने जे त्यांना लिहू दिले नाही त्याची यादी आपल्याकडे नाही, कधी मिळणारही नाही. एक अण्णाभाऊ दिसतो तेव्हा न दिसलेले शंभर मोजायला आपण विसरतो. 'हुशार पोरगा दिव्याखाली अभ्यास करून शिकतोच' असे म्हणत शिष्यवृत्तीला विरोध करणारे लोक आपल्याला चांगले ठाऊक आहेत. तोच युक्तिवाद आपण आपल्या कलावंतांविरुद्ध का वापरतो?

शिवाय हे पुढारी एकेकट्याच्या जिद्दीचे फळ मानतात ते खरे तर एकेकट्याने घडलेलेच नव्हते. १९४४ मध्ये अण्णाभाऊ, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले ते कामगार चळवळीच्या आधाराने. वामनदादा कर्डक हयातभर गावोगाव फिरले, आणि ज्या गावी गेले तिथे कुणाच्या तरी घरी उतरले. त्या घरातल्या बाईने आपल्या पोरांच्या ताटातली भाकरी त्यांच्या ताटात वाढली आणि सकाळी ओटीवर बसून त्यांनी नवे गाणे बांधले. महाराष्ट्रातली हजारो गरीब घरे म्हणजे वामनदादांचे फिरते वसतिगृह होते. भीमराव कर्डकांच्या जलशालाही वस्त्यांनीच सांभाळले. भाषणांपेक्षा जलशाचे काम मोठे आहे असे बाबासाहेब मानत, हे आपण प्रत्येक कार्यक्रमात अभिमानाने सांगतो. पण त्या जलशाच्या जेवणाची जबाबदारी कुणीतरी घेतली होती, हे सांगायचे राहून जाते.

आज ती घरे लहान झाली आहेत, माणसे शहरात पांगली आहेत, भाड्याच्या दहा बाय दहाच्या खोलीत पाहुणा महिनाभर ठेवता येत नाही. जुनी व्यवस्था मोडली आणि नवी आपण उभी केली नाही. मधल्या पोकळीत डीजे शिरला.

वेळ नसला की काय होते

वेळ नसण्याचा परिणाम कलावंताच्या पोटावर होतो तसा कलेवरही होतो. दरवर्षी एप्रिलमध्ये शेकडो नवी भीमगीते येतात. त्यातली बरीचशी चालू सिनेगीतांच्या चालीवर असतात. यात गायकांना दोष देण्यात अर्थ नाही. संध्याकाळी कामावरून आलेल्या माणसाला आठ दिवसांत दहा गाणी हवी असतील तर तो तयार चाल उचलणार. नवी चाल बांधायला, ती चारचौघांसमोर पाडून बघायला, फेकून देऊन पुन्हा बांधायला महिने लागतात.

हलगीचेच उदाहरण घ्या. गावगाड्यात हलगी वाजवणे हे जातीवर लादलेले काम होते. स्वाभिमानाने जगायचे म्हणून आपल्या वाडवडिलांनी मेलेली ढोरे ओढणे सोडले, तसे अनेक गावांत वाजवणेही सोडले. ते योग्यच होते. दुसरीकडे तामिळनाडूत दलित चळवळीने पराई हे वाद्य हट्टाने परत हातात घेतले आणि अपमानाच्या खुणेला निषेधाचा आवाज बनवले. मग आपण हलगीचे काय करायचे? जलशात तिला जागा द्यायची की नाही? दिली तर तिचा ताल तोच ठेवायचा की बदलायचा? बौद्ध आणि मातंग तरुण एकत्र बसून हा प्रश्न सोडवतील का? हे प्रश्न भाषणाने सुटत नाहीत. वाजवणाऱ्या आणि न वाजवणाऱ्या माणसांनी एका छपराखाली दोन महिने राहून, वाद्य मांडीवर घेऊन ते सोडवायचे असतात. अशी जागा आज महाराष्ट्रात कुठे आहे?

चेन्नईत असा एक प्रयत्न झाला. दिग्दर्शक पा. रंजित यांच्या नीलम सांस्कृतिक केंद्राने गाना गाणारी, रॅप करणारी, वाद्ये वाजवणारी पोरे निवडून एकत्र आणली, त्यांच्याकडून सराव करून घेतला आणि जानेवारी २०१८ मध्ये 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' लोकांसमोर उभा राहिला. उत्तर चेन्नईच्या वस्त्यांतले, मयताच्या घरी गायले जाणारे गाना संगीत भर मैदानात जातीविरुद्ध बोलू लागले. तिथे प्रतिभा आधीपासून होतीच. कमी होती ती एकत्र येण्याच्या जागेची आणि सरावाच्या दिवसांची. ती मिळताच काय घडते हे देशाने पाहिले.

दार कुणासाठी उघडते

आता ज्या रेसिडेन्सी अस्तित्वात आहेत त्यांच्याकडे वळू. 'अल्प-प्रतिनिधित्व असलेले कलावंत' या शब्दप्रयोगात एक चलाखी आहे. प्रतिनिधित्व आपोआप अल्प होत नाही, कुणीतरी ते अल्प ठेवलेले असते. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष देताना बाबासाहेबांनी प्रतिनिधित्वाचा प्रश्न कुणाच्या दयेचा म्हणून मांडला नव्हता, हक्काचा म्हणून मांडला होता. कलेच्या क्षेत्रातही तो तसाच मांडला पाहिजे. 'उदयोन्मुख' हा शब्दही तपासून घ्यावा. वस्त्यावस्त्यांत वीस वर्षे गाणारी बाई दिल्ली-मुंबईच्या गॅलरीत गेली की उदयोन्मुख ठरते. तिचा उदय कधीच झाला होता. यांची खिडकी आता उघडली.

शब्दांपेक्षा मोठी अडचण आहे ती दाराच्या रुंदीची. आमच्या कलापथकातल्या आणि ओळखीच्या कलावंतांनी वेगवेगळ्या ठिकाणी अर्ज केले, त्यातून जे अडथळे पुन्हा पुन्हा दिसले ते असे.

पहिला अडथळा भाषेचा. अर्ज इंग्रजीत, आणि इंग्रजीतही एका विशिष्ट बोलीत. 'तुमच्या कलाव्यवहाराचे निवेदन' पाचशे शब्दांत लिहा म्हणतात. ज्याचा कलाव्यवहार डफावर थाप मारण्याचा आहे त्याने निबंध का लिहायचा? मोबाइलवर पाच मिनिटे बोलून किंवा गाऊन अर्ज का करता येऊ नये? हे अशक्य नाही. बेंगळुरूचे इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स अनुदानासाठी भारतीय भाषांतले प्रस्ताव स्वीकारते. एकाला जमते ते बाकीच्यांना का जमू नये?

दुसरा अडथळा एकट्या कलावंताच्या कल्पनेचा. रेसिडेन्सीच्या मुळाशी एकांतात बसलेला एकटा प्रतिभावंत आहे. त्याला एक खोली आणि एक टेबल दिले की झाले. जलसा एकट्याचा नसतो. ढोलकी, पेटी, झीलकरी, सोंगाड्या मिळून सहा-आठ जणांचा तो संसार असतो. त्यातल्या एकाला उचलून नेणे म्हणजे पथक मोडणे. कित्येक पथके अशीच मोडली आहेत.

तिसरा अडथळा बुडालेल्या रोजीचा. खोली आणि जेवण मिळाले तरी घरी मागे राहिलेल्यांचे काय? मध्यमवर्गीय कलावंताला महिनाभर पैसे मिळाले नाहीत तर आईवडील सांभाळतात. आपल्याकडे कलावंतच आईवडिलांना सांभाळत असतो. म्हणून मानधन हे खिशातल्या खर्चापुरते असून चालणार नाही, ते घर चालेल एवढे हवे.

चौथा अडथळा बाईचा. विठाबाई नारायणगावकरांबद्दल सांगतात की त्या प्रयोग चालू असताना बाळंत झाल्या आणि पुन्हा फडावर उभ्या राहिल्या. आपण ही गोष्ट कौतुकाने सांगतो. खरे तर तिची लाज वाटायला हवी, कारण एका थोर कलावतीला बाळंतपणाची एक रात्रही आपल्या समाजाने दिली नाही. आजही लहान मूल असलेल्या कलावतीला बहुतेक ठिकाणी 'मुलाची सोय तुमची तुम्ही करा' असेच उत्तर मिळते.

पाचवा अडथळा दारातून आत गेल्यावरचा आहे. तिथे दलित कलावंताकडून त्याच्या वेदनेची अपेक्षा असते. अत्याचार, विटाळ, मारहाण, गटार. यापलीकडे त्याने प्रेमगीत लिहिले, विनोद केला, नुसत्या लयीचा खेळ केला की समोरच्यांचे चेहरे पडतात. सवर्ण कलावंताला विषयाची निवड असते आणि आपल्या कलावंताला विषय जन्माने चिकटवलेला असतो, तर मग जातिव्यवस्था गॅलरीच्या बाहेर राहिली असे कसे म्हणायचे?

हार्लेमचे दोन धडे

'मग अशांच्या पैशाला हात लावायचाच कशाला?' हा दुसरा आक्षेप. भांडवलदारांच्या फाउंडेशनचा पैसा घेतला की चळवळीचे एनजीओकरण होते, हे म्हणणे हलके नाही. त्यासाठी आम्ही अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या रंगभूमीकडे बघतो. १९७२ मध्ये दलित पँथरने ज्यांच्याकडून नाव घेतले त्यांच्याकडून हा हिशेबही शिकण्यासारखा आहे.

१९६७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये 'निग्रो एन्सेंबल कंपनी' उभी राहिली, फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने. कायमचा नटसंच, पगार, कृष्णवर्णीय तरुणांसाठी मोफत प्रशिक्षण, असे सगळे होते. तेव्हाही टीका झाली की गोऱ्यांच्या पैशावर, हार्लेमच्या बाहेर, कसली कृष्णवर्णीय रंगभूमी? पण तिने काम केले. चार्ल्स फुलर यांचे 'अ सोल्जर्स प्ले' हे नाटक तिनेच रंगमंचावर आणले. त्याला १९८२ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. त्या नटसंचात तेव्हाचे तरुण नट डेन्झेल वॉशिंग्टन आणि सॅम्युएल जॅक्सन होते. म्हणजे बाहेरच्या पैशातूनही आपले काम होऊ शकते. हा पहिला धडा. पण त्याच्या कितीतरी आधी, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीलाच, पैशाचा ओघ आटल्यावर कंपनीला कायमचा नटसंच मोडावा लागला आणि प्रशिक्षण थांबवावे लागले होते. देणाऱ्याचा हात आखडला की घेणाऱ्याचे घर मोडते.

दुसरा धडा बार्बरा अ‍ॅन टीअर यांचा. त्यांनी १९६८ मध्ये हार्लेममध्येच 'नॅशनल ब्लॅक थिएटर' काढले आणि १९८३ मध्ये तिथली एक अख्खी इमारत संस्थेच्या मालकीची केली. आपल्या वस्तीत आपले छप्पर, हा त्यांचा आग्रह होता. हार्लेममध्येच १९६८ साली स्थापन झालेल्या 'स्टुडिओ म्युझियम'च्या तर नावातच कलावंताचा स्टुडिओ आहे. तिथे कलावंतांना वर्षभर जागा आणि विद्यावेतन देण्याची प्रथा अर्धशतकाहून जास्त काळ टिकली, आणि तिथून निघालेले चित्रकार आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत.

या दोन धड्यांचा अर्थ आम्ही असा लावतो. मिळेल तिथून हक्काने घ्यावे, पण ज्याच्यावर उभे राहायचे ती जमीन आपली असावी. एक हात मागण्यासाठी आणि दुसरा बांधण्यासाठी, दोन्ही चालू हवेत.

सरकारकडे काय मागायचे

सरकारकडे कलावंतांसाठी काहीच नाही असे नाही. महाराष्ट्र सरकार ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांना महिन्याला ५,००० रुपये मानधन देते, पण त्यासाठी पन्नाशी गाठावी लागते. म्हणजे तरुणपणी मरू नका, मग बघू, असा हा हिशेब. केंद्र सरकारची तरुण कलावंतांसाठी शिष्यवृत्ती आहे, १८ ते २५ वयोगटासाठी. पण तिथे गुरूकडे किंवा संस्थेत पाच वर्षे शिकल्याचे प्रमाणपत्र लागते. जलशाचा गुरू म्हणजे वस्ती. वस्तीच्या सहीशिक्क्याचे प्रमाणपत्र कुठल्या कार्यालयातून आणायचे?

आमची मागणी साधी आहे. बार्टी अनुसूचित जातींच्या पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्ती देते. ती पूर्ण मिळावी म्हणून विद्यार्थ्यांना आझाद मैदानावर बसावे लागले, ती लढाई आपण सर्वांनी पाहिली. तत्त्व मात्र सरकारने मान्य केलेले आहे, की ज्ञाननिर्मितीसाठी वंचितांच्या मुलांना पगारी वेळ लागतो. मग जलसा, शाहिरी, रंगभूमी, लावणी, पोवाडा ही ज्ञाननिर्मिती नाही काय? प्रा. शैलजा पाईक यांनी तमाशातल्या दलित स्त्रियांच्या जगण्यावर ग्रंथ लिहिला आणि २०२४ मध्ये त्यांना अमेरिकेची मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. येरवड्याच्या वस्तीतून गेलेल्या आपल्या भगिनीचा तो सन्मान आहे आणि आपल्याला त्याचा अभिमान आहे. पण ज्यांच्या कलेने त्या ग्रंथाला विषय दिला त्या फडावरच्या बाईला या राज्यात एका महिन्याचीही फेलोशिप नाही.

म्हणून बार्टी, आर्टी आणि महाज्योती या संस्थांनी प्रयोगकलांसाठी अधिछात्रवृत्ती सुरू करावी. ती पथकाला मिळावी, अर्ज मराठीत आणि तोंडी करता यावा, निवड समितीत जलसाकार आणि तमाशा कलावंत असावेत. जिल्ह्याजिल्ह्यांत सामाजिक न्याय भवने उभी आहेत, त्यांची सभागृहे वर्षातले कित्येक दिवस कुलपात असतात. ती सरावासाठी खुली करावीत.

हे मागताना आपण डोळे उघडे ठेवू. २०२० च्या सप्टेंबरमध्ये कबीर कला मंचाच्या तिघा कलावंतांना एल्गार परिषद प्रकरणात अटक झाली. प्रश्न विचारणाऱ्या शाहिरांना या व्यवस्थेने दिलेली मुक्कामाची जागा म्हणजे तुरुंग. त्यामुळे सरकारी मानधनासोबत 'काय गायचे' याची अट येणार असेल तर ते नाकारण्याची ताकद आपल्यात हवी. आणि ती ताकद फक्त स्वतःच्या छपराखाली येते.

बांधायचे कसे

हे छप्पर आपल्या आवाक्यात आहे. उदाहरणादाखल हिशेब मांडू. सहा जणांचे पथक, माणशी रोज ६०० रुपये बुडालेली मजुरी, तीस दिवस. एकूण १,०८,००० रुपये. एका शहरातल्या दहा जयंती मंडळांनी मिरवणुकीच्या खर्चातून प्रत्येकी ११,००० रुपये बाजूला काढले तर १,१०,००० होतात. राहायला विहाराची वरची खोली किंवा सुटीत रिकामे असलेले वसतिगृह. जेवण महिला मंडळावर ढकलायचे नाही, वस्तीतल्या घरांनी पाळीपाळीने द्यायचे आणि पुरुषांनीही भाकऱ्या थापायच्या. महिन्याच्या शेवटी त्याच दहा वस्त्यांत नव्या जलशाचे दहा प्रयोग. डीजेचा आवाज रात्री बारा वाजता बंद होतो. हे गाणे पोरांच्या तोंडी राहील.

मात्र आपण इतरांना ज्या कसोट्या लावतो त्या आपल्यालाही लावू. आपले वसतिगृह एका जातीचे होता कामा नये. मातंग, चर्मकार, कोल्हाटी, गोंधळी, डक्कलवार, आदिवासी कलावंताला तिथे पाहुणा म्हणून वागवायचे नाही, त्याचा हक्क मानायचा. निवड करणाऱ्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात. तृतीयपंथी कलावंताला 'करमणूक' म्हणून बोलवायचे नाही. मूल घेऊन येणाऱ्या बाईसाठी पाळण्याची आणि मूल सांभाळणाऱ्या माणसाची सोय आधी, मग बाकीचे. रचलेल्या गाण्याची मालकी रचणाऱ्याची. मंडळाची नाही, पक्षाची नाही, यूट्यूब चॅनलवाल्याची तर नाहीच. आणि सर्वात अवघड अट अशी की कलावंताने तिथे आपल्यावरही टीका केली तर ती ऐकून घ्यायची. नेत्याची स्तुती हवी असेल तर बँड लावावा, त्यासाठी जलसा लागत नाही.

तरुण मित्रमैत्रिणींनो, अस्तित्वात असलेल्या रेसिडेन्सीत अर्ज जरूर करा. एकट्याने करू नका, पथक म्हणून करा. इंग्रजी येणाऱ्याने इंग्रजी न येणाऱ्याचा अर्ज भरून द्यावा. नकार आला तर कारण लेखी मागा. निवड झाली तर तिथे काय शिकलात ते परत येऊन वस्तीत शिकवा. आणि त्याच वेळी आपल्या मंडळाच्या पुढच्या बैठकीत, जयंतीच्या खर्चाचा कागद समोर येईल तेव्हा, त्यात एक ओळ वाढवायला लावा : 'जलशाचा महिना'. खजिनदार विचारेल, हा खर्च कशाचा? त्याला सांगा, वसतिगृहाचा.

जय भीम!